विंडोज डोमेनमध्ये लिनक्स आणताना: कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि त्याआधी काय ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा: कार्यालयात दोनेकशे विंडोज संगणक आहेत. सगळ्यांचं लॉगिन, शेअर फोल्डर आणि परवानग्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर, म्हणजे विंडोज डोमेनमधल्या (एकत्र सांभाळलेल्या संगणकांच्या गटातल्या) खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीवर, चालतात. प्रोग्रामर मंडळींसाठी तीसेक लिनक्स संगणक त्यात आणायचे आहेत. काही जुन्या लिनक्स मशीनवर पीबीआयएस ओपन (लिनक्सला डोमेनशी जोडणारं जुनं सॉफ्टवेअर) आहे, बाकीच्यांवर हाताने तयार केलेली स्थानिक खाती. अपेक्षा तीन: डोमेनच्याच पासवर्डने लॉगिन व्हावं, फाइल सर्व्हर पुन्हा पासवर्ड न विचारता उघडावा, आणि कोणी नोकरी सोडली की डोमेनवर खातं बंद केल्याबरोबर लिनक्सवरही त्याचा प्रवेश बंद व्हावा. यासाठी मुक्त सॉफ्टवेअरपैकी कोणतं निवडावं?

आधी थेट उत्तर देतो. डेस्कटॉप, लॅपटॉप आणि साध्या सर्व्हरसाठी एसएसएसडी (डोमेनची खाती लिनक्सला ओळखू देणारी सेवा) वापरा आणि जोडणीचं काम रेल्मडी व एडीसीएलआय या साधनांकडून करून घ्या. ज्या लिनक्स मशीनवरून तुम्ही विंडोजवाल्यांना फाइल शेअर देणार आहात, तिथे सांबा (विंडोजच्या पद्धतीने फाइल शेअर देणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचं विनबाइंड, म्हणजे डोमेनची खाती ओळखणारा त्याचा भाग. पीबीआयएस टप्प्याटप्प्याने काढून टाका. पीबीआयएस सोडून हे सगळं रेड हॅट, उबुंटू, डेबियन, सुसे अशा प्रत्येक प्रमुख डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या वितरणाच्या) पॅकेजमध्ये तयार मिळतं.

पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. मशीन डोमेनला जोडणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते फसलं तर मशीन काढून पुन्हा जोडता येतं. सहज परत फिरवता येत नाही तो निर्णय वेगळाच आहे: डोमेनमधल्या माणसाला लिनक्सवर कोणता यूआयडी (वापरकर्ता क्रमांक) मिळणार. तो पहिलं मशीन जोडण्याआधीच घ्यावा लागतो. शिवाय तुमची तिसरी अपेक्षा आपोआप पूर्ण होत नाही, तिच्यात दोन मोठ्या फटी राहतात. या दोन गोष्टींवर मी सविस्तर लिहितो, बाकीचं भराभर.

ही जोडणी मुळात शक्य का आहे ते आधी बघू, कारण बिघाड शोधताना हेच कामी येतं. विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ती तीन खुल्या मानकांवर उभी केली: नावं शोधायला डीएनएस, माहिती ठेवायला एलडीएपी आणि ओळख पटवायला कर्बेरॉस. कर्बेरॉस तर एमआयटीच्या अथेना प्रकल्पात, युनिक्सच्याच वातावरणात घडलं. त्यामुळे लॉगिनपुरतं पाहिलं तर लिनक्सला परकी भाषा शिकावी लागत नाही. फाइल शेअरचा एसएमबी प्रोटोकॉल मात्र तसा नव्हता. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ मध्ये तारेवरून जाणारी पाकिटं न्याहाळून तो उलगडायला सुरुवात केली आणि त्यातून सांबा उभा राहिला. २००३ च्या सांबा ३ पासून लिनक्स मशीन ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं रीतसर सदस्य होऊ लागलं, आणि डिसेंबर २०१२ च्या सांबा ४ पासून सांबा स्वतःच डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) म्हणून काम करू शकतो.

लिनक्सच्या बाजूने दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. 'हा माणूस कोण, त्याचा क्रमांक किती, तो कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे?' हा एनएसएसचा, म्हणजे नावं शोधणाऱ्या भागाचा, प्रश्न. 'हा खरंच तोच आहे का, आणि त्याला आत घ्यायचं का?' हा पॅमचा, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या भागाचा. एसएसएसडी दोन्ही प्रश्नांची उत्तरं डोमेनकडून आणून देतं आणि स्वतःजवळ साठवूनही ठेवतं. हे दोन प्रश्न डोक्यात वेगळे ठेवा. 'लॉगिन होत नाही' अशी तक्रार आली की बिघाड कुठल्या प्रश्नात आहे हे आधी ठरवायचं, मग लॉग उघडायचा.

पर्यायांबद्दल. लाइकवाइज ओपन २००७ च्या सुमारास आलं तेव्हा त्याला तोड नव्हती, एका आदेशात मशीन डोमेनमध्ये जायचं. २०११ मध्ये ते बियाँडट्रस्टकडे गेलं आणि पुढे पीबीआयएस ओपन झालं. दरम्यान डिस्ट्रोंच्या आतच एसएसएसडी पिकलं. २०१२ मधल्या १.९ आवृत्तीत त्यात ॲक्टिव्ह डिरेक्टरीसाठी खास प्रोव्हायडर (जोडणीचा भाग) आला आणि बाहेरच्या पॅकेजची गरज उरली नाही. लॉगिनसारखी नाजूक गोष्ट डिस्ट्रोच्या सुरक्षा अपडेटबरोबर आपोआप अद्ययावत व्हायला हवी, आणि माझ्या मते एसएसएसडीच्या बाजूने हे एकच कारण पुरेसं आहे.

विनबाइंड जुनं असलं तरी कालबाह्य नाही. तीन ठिकाणी मी डोळे झाकून तेच घेतो. एक, मशीन स्वतः सांबा फाइल सर्व्हर असेल तेव्हा: सांबा ४.८ पासून डोमेन सदस्य असलेल्या सर्व्हरवर विनबाइंड चालू असणं सक्तीचंच आहे. दोन, एनटीएलएमची (पासवर्ड तपासण्याच्या विंडोजच्या जुन्या पद्धतीची) गरज असेल तेव्हा, उदाहरणार्थ फ्रीरेडियस या सर्व्हरमधून वायफायचे पासवर्ड तपासायला. एसएसएसडी एनटीएलएमच्या वाटेला जात नाही. तीन, विश्वासाचं नातं दोन वेगळ्या फॉरेस्टमध्ये (डोमेनांच्या समूहांमध्ये) असेल तेव्हा. एसएसएसडीचा ॲक्टिव्ह डिरेक्टरी प्रोव्हायडर एकाच फॉरेस्टमधल्या डोमेनपुरता आहे. फ्रीआयपीए (लिनक्ससाठीची स्वतंत्र डिरेक्टरी) हाही उत्तम प्रकल्प आहे, पण तो शेकडो लिनक्स सर्व्हर आणि त्यांचे स्वतंत्र सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा आदेश) व प्रवेश नियम सांभाळणाऱ्यांसाठी. तीस मशीनसाठी आणखी एक डिरेक्टरी उभी करून तिची निगा राखण्यात अर्थ नाही. तुमचं डोमेन स्वतःच्या सर्व्हरवर नसून फक्त एन्ट्रा आयडीवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या डिरेक्टरीवर) असतं, तर मी त्यासाठीचं हिमेलब्लाउ बघायला सांगितलं असतं. तो वेगळा विषय आहे.

आता पाया. जोडणी फसण्याची बहुतेक कारणं डीएनएस, घड्याळ आणि मशीनचं नाव या तिघांत सापडतात.

लिनक्स मशीनचा डीएनएस सर्व्हर हा डोमेनचाच डीएनएस असला पाहिजे, कारण डोमेन कंट्रोलर कुठे आहेत हे त्यातल्या एसआरव्ही नोंदींवरूनच कळतं. 'असावा म्हणून' दुसरा सर्व्हर बाहेरचा सार्वजनिक ठेवण्याची सवय सोडा. पहिल्याने उत्तर द्यायला क्षणभर उशीर केला की मशीन दुसऱ्याकडे जातं. त्याला तुमच्या अंतर्गत डोमेनचं नावही माहीत नसतं, आणि मग 'कधी लॉगिन होतं, कधी होत नाही' असा छळवादी बिघाड सुरू होतो. तुमच्या डोमेनच्या नावाचा शेवट 'डॉट लोकल' असेल तर आणखी एक अडचण: लिनक्स डेस्कटॉपवर हा शेवट अवाही या सेवेच्या एमडीएनएससाठी (स्थानिक नेटवर्कवर नावं शोधण्याच्या पद्धतीसाठी) राखलेला असतो आणि विचारणा डीएनएसपर्यंत पोचतच नाही. एनएसस्विच फाइलमधल्या होस्ट्सच्या ओळीत डीएनएसला एमडीएनएसच्या आधी आणा, किंवा कार्यालयीन मशीनवर अवाही बंदच करा.

घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस तिकीट (ओळख पटल्याचा पुरावा) नाकारतं. हीच मूळ मर्यादा आहे. क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) बसवा आणि त्याला डोमेन कंट्रोलरच वेळेचा स्रोत म्हणून द्या. आभासी मशीन झोपेतून उठल्यावर घड्याळ मागे राहिलेलं असतं, तिथे हा त्रास जास्त होतो.

नावाबद्दल कमी बोललं जातं, म्हणून थोडं थांबतो. डोमेनमधलं संगणकाचं जुन्या पद्धतीचं नाव १५ अक्षरांत बसावं लागतं. कोणी 'लिनक्स-वर्कस्टेशन-०१' आणि 'लिनक्स-वर्कस्टेशन-०२' अशी नावं दिली, तर रोमन लिपीत त्यांची पहिली १५ अक्षरं तंतोतंत सारखी होतात. नाव कापूनच खातं तयार झालं तर दुसरं मशीन पहिल्याच्याच खात्यावर बसतं, खात्याचा पासवर्ड बदलतं, आणि काल व्यवस्थित चालणारं पहिलं मशीन आज कोणाला आत घेत नाही. लॉगमध्ये दिसतं ते फक्त 'प्री-ऑथेंटिकेशन फेल्ड'. तासन्‌तास शोधूनही कारण सापडत नाही, कारण बिघाड ज्या मशीनवर दिसतो तिथे कोणी काही बदललेलंच नसतं. तोच प्रकार मशीन डोमेनला जोडल्यानंतर त्याची डिस्क क्लोन केल्यावर होतो: दोन्हीकडे एकच कीटॅब (मशीनच्या खात्याची किल्ली ठेवणारी फाइल). ठरावीक काळाने, मूळ मांडणीत ३० दिवसांनी, एका मशीनने खात्याचा पासवर्ड बदलला की दुसरं बाहेर पडतं. क्लोन करायचं तर जोडण्याआधी करा, आणि नावं आखूड ठेवा.

प्रत्यक्ष जोडणी. 'रेल्म डिस्कव्हर' आणि पुढे डोमेनचं नाव दिलं की डीएनएस ठीक आहे का आणि कोणती पॅकेजं लागतील हे समजतं. इथे काहीच दिसलं नाही तर पुढे जाऊ नका. मग 'रेल्म जॉइन'. दोन सूचना. संगणकाचं खातं कोणत्या ओयूमध्ये (डोमेनमधल्या कप्प्यात) पडावं हे याच वेळी द्या. लिनक्ससाठी स्वतंत्र ओयू असला की पुढे ग्रुप पॉलिसीचं (डोमेनवरून मशीनना लावायच्या नियमांचं) काम सोपं होतं. आणि डोमेन ॲडमिनचा पासवर्ड प्रोग्रामरच्या मशीनवर कधीही टाइप करू नका. त्या एका ओयूमध्ये संगणक जोडण्याचा अधिकार असलेलं वेगळं खातं विंडोजवाल्या सहकाऱ्यांकडून करून घ्या. मूळ मांडणीत डोमेनचा कोणताही साधा वापरकर्ता १० संगणक जोडू शकतो. ती मुभा चालू राहिली असेल तर ती शून्यावर आणायचा विषय याच बैठकीत काढा. एलडीएपी वाचण्यासाठी एखाद्या खात्याचा पासवर्ड फाइलमध्ये लिहून ठेवायचा असं जुन्या मार्गदर्शनात सापडतं, त्याचीही गरज नाही. जोडणीनंतर मशीनला स्वतःचं खातं आणि कीटॅब मिळतो, एसएसएसडी त्यावरच काम करतं आणि संवाद साइन व सांकेतिक करूनच चालवतं.

आता यूआयडी. विंडोजमध्ये प्रत्येक खात्याला एसआयडी (ओळख क्रमांक) असतो: लांबलचक डोमेन भाग आणि शेवटी त्या खात्याचा स्वतःचा क्रमांक, म्हणजे आरआयडी, समजा ११०४. लिनक्सची फाइल प्रणाली मात्र मालकाचं नाव साठवत नाही, फक्त एक पूर्णांक साठवते. एसआयडीपासून तो पूर्णांक कसा काढायचा याची प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत वेगळी आहे.

एसएसएसडी मूळ मांडणीत गणिताने जातं. २,००,००० पासून पुढच्या क्रमांकांचे दोन-दोन लाखांचे १०,००० तुकडे पाडलेले असतात. डोमेनच्या एसआयडीचा हॅश (गणिताने काढलेला ठसा) काढून त्यातला एक तुकडा निवडला जातो आणि त्या तुकड्याच्या सुरुवातीत आरआयडी मिळवला जातो. तुकडा १,४०,६०,००,००० पासून सुरू होत असेल तर ११०४ आरआयडीच्या माणसाचा यूआयडी १,४०,६०,०१,१०४. डोमेन तेच आणि मांडणी तीच असेल तर हे उत्तर तिसाव्या मशीनवरही तेच येतं, कुठलीही मध्यवर्ती यादी ठेवावी लागत नाही. विनबाइंडची 'रिड' पद्धत साधी बेरीज करते: तुम्ही दिलेल्या पट्ट्याची सुरुवात १,००,००० असेल तर त्याच माणसाचा यूआयडी १,०१,१०४. आणि विनबाइंडची 'टीडीबी' पद्धत तर जो आधी येईल त्याला पुढचा क्रमांक देते. म्हणजे एकच माणूस दोन मशीनवर दोन वेगळे क्रमांक घेऊन वावरतो. पीबीआयएसचा हॅश आणखी निराळा.

एकेकट्या डेस्कटॉपवर यातलं काहीच जाणवत नाही, आणि धोका इथेच आहे. महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चालतं. मग कोणीतरी एनएफएसवर (लिनक्समधल्या नेटवर्क फाइल शेअरवर) सामाईक फोल्डर काढतं, किंवा एका मशीनचा बॅकअप दुसऱ्यावर उतरवतं, किंवा बाहेरची डिस्क फिरवतं, आणि फाइलींचे मालक बदललेले दिसतात. मी पाहिलेल्या एका ठिकाणी बिल्ड सर्व्हर विनबाइंडवर होता आणि डेस्कटॉप एसएसएसडीवर. सामाईक फोल्डरमध्ये एकाच माणसाच्या फाइली दोन क्रमांकांनी पडत होत्या. शेवटी तिथल्या लोकांनी सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या. दुखणं लपलं, आणि सुरक्षितता गेली.

म्हणून पहिलं मशीन जोडण्याआधी दोनपैकी एक वाट धरा. पहिली: सगळीकडे एसएसएसडीचं गणित, त्याचे मूळ पट्टे न बदलता. सांबा सर्व्हर लागलाच तर तिथेही एसएसएसडी ठेवून विनबाइंडला 'आयडीमॅप एसएसएस' द्या, म्हणजे दोघं एकच क्रमांक सांगतील. दुसरी: क्रमांक ॲक्टिव्ह डिरेक्टरीतच लिहायचे, यूआयडी नंबर आणि जीआयडी (ग्रुपचा) नंबर या आरएफसी २३०७ च्या गुणधर्मांत, आणि एसएसएसडीत आयडी मॅपिंग बंद करायचं. दुसऱ्या वाटेत प्रत्येक नव्या खात्याला क्रमांक देण्याची शिस्त लागते. ज्याला क्रमांक नाही तो लिनक्सला दिसतच नाही, आणि ज्याच्या प्राथमिक ग्रुपला क्रमांक नाही त्याचंही अडतं. तुमच्याकडे आधीपासून मोठा एनएफएस साठा जुन्या क्रमांकांसह असेल तरच ही मेहनत घ्या. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, त्यामुळे पहिली वाट. निर्णय झाल्यावर तो लिहून ठेवा, कारण दोन वर्षांनी येणारा माणूस 'हे आकडे केवढे मोठे आहेत' म्हणून पट्टा बदलायला निघतो.

जोडणीनंतर एसएसएसडीच्या फाइलमध्ये मी नेहमी पाहतो ते थोडकं. लॉगिनचं नाव आखूड हवं असेल तर पूर्ण नावाची सक्ती बंद करा. डोमेन एकच असेल तोवर यात धोका नाही. पण स्थानिक खात्याचं आणि डोमेनच्या खात्याचं नाव सारखं नाही ना, हे तपासा. तुमच्याकडे हाताने केलेली खाती आहेत, म्हणजे असे जुळे नक्की निघतील आणि प्रत्येक वेळी स्थानिक खातंच पुढे येईल. होम फोल्डर आपोआप तयार व्हावं म्हणून पॅममध्ये एमकेहोमडिर किंवा ऑडजॉब चालू करा. एनएससीडी (नावं साठवणारी जुनी सेवा) चालू असेल तर बंद करा, दोन कॅश एकमेकांना फसवतात. डोमेनच्या सगळ्या खात्यांची यादी करणारं एन्युमरेट बंदच राहू द्या. फाइलची परवानगी फक्त रूटला (मुख्य प्रशासक खात्याला), ६००, ठेवा. परवानगी सैल असली तर एसएसएसडी सुरू व्हायला नकार देऊ शकतं. आणि रूटसाठी किंवा एखाद्या आणीबाणीच्या खात्यासाठी स्थानिक पासवर्ड ठेवाच. डोमेन आजारी पडेल त्या दिवशी आत शिरायला तेवढीच वाट उरते.

आता तिसरी अपेक्षा. 'रेल्म जॉइन' झाल्याबरोबर डोमेनमधला प्रत्येक सक्रिय वापरकर्ता त्या मशीनवर लॉगिन करू शकतो. हिशेब विभागातला माणूस बिल्ड सर्व्हरवर जाऊ शकतो. म्हणून बरेच जण 'रेल्म परमिट' वापरून एका ग्रुपपुरता प्रवेश मर्यादित करतात. त्याने काम होतं, पण पडद्यामागे प्रवेशाचा प्रोव्हायडर 'एडी'वरून 'सिंपल'वर जातो. 'सिंपल' फक्त नाव आणि ग्रुप पाहतो. खातं बंद आहे का, मुदत संपली आहे का, हे पाहत नाही. पासवर्डने येणाऱ्याला डोमेन कंट्रोलरच अडवतो, त्यामुळे फरक जाणवत नाही. पण प्रोग्रामर एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) किल्लीने येतात. तिथे पासवर्ड विचारलाच जात नाही, कंट्रोलरला कोणी काही विचारत नाही, आणि नोकरी सोडून गेलेला माणूस बंद खात्यासह, ग्रुपमधून नाव काढेपर्यंत, आत येत राहतो. ही पहिली फट. उपाय: प्रोव्हायडर 'एडी'च ठेवा आणि ग्रुपची अट एडी ॲक्सेस फिल्टरमध्ये लिहा. मग किल्लीने येणाऱ्याचंही खातं प्रत्येक वेळी तपासलं जातं.

दुसरी फट कॅशची. नेटवर्क नसतानाही लॅपटॉपवर लॉगिन व्हावं म्हणून कॅश क्रेडेन्शियल्स चालू ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण साठवलेला पासवर्ड किती दिवस चालावा याची मूळ मर्यादा शून्य आहे, आणि इथे शून्य म्हणजे कायम. लॅपटॉप नेटवर्कला न लावता माणूस वर्षभरही आत जाऊ शकतो. पॅम विभागातली ऑफलाइन क्रेडेन्शियल्स एक्स्पिरेशन ही सेटिंग दिवसांत द्या. सात किंवा चौदा, तुमचे लोक किती काळ नेटवर्कबाहेर राहतात त्यावर. डिस्क सांकेतिक केलेली नसेल तर यालाही फारसा अर्थ नाही, हेही लक्षात घ्या. आणि आधीच उघडं असलेलं सेशन यापैकी कशानेच बंद होत नाही. मिळालेलं तिकीटही मूळ मांडणीत १० तास जिवंत असतं. तातडीने कोणाला बाहेर काढायचं असेल तर त्याची सेशन्स हाताने मारावी लागतात.

प्रोव्हायडर 'एडी' ठेवला की ग्रुप पॉलिसी मध्ये येते. एसएसएसडी विंडोजचे 'लोकल लॉगऑन'चे अधिकार वाचतं आणि एसएसएचला 'रिमोट डेस्कटॉप'च्या अधिकारात धरतं. हे बंधनकारक असेल तर 'रिमोट डेस्कटॉप फक्त ॲडमिनला' अशी विंडोजसाठी केलेली पॉलिसी तुमच्या प्रोग्रामरांचं एसएसएच बंद करते, आणि कोणाला कळत नाही का. ज्या पॅम सेवेचं नाव एसएसएसडीच्या यादीत नाही तिला तर सरळ नकार मिळतो. एखादा वेगळा स्क्रीन लॉकर असेल तर स्क्रीन उघडत नाही. सुरुवातीचे काही दिवस हे 'परमिसिव्ह'वर ठेवा, लॉगमध्ये कोण अडलं असतं ते पाहा, लिनक्सच्या ओयूवर वेगळी पॉलिसी लावा, मग 'एन्फोर्सिंग'. एसएसएसडी ग्रुप पॉलिसीतलं एवढंच पाळतं; वॉलपेपर, ड्राइव्ह मॅपिंग वगैरे त्याच्या कक्षेत नाही. उबुंटूवर ते हवं असेल तर एडीसिस बघा.

सुडोसाठी डोमेनमध्ये वेगळा ग्रुप करा आणि त्याच्या नावात जागा सोडू नका. 'डोमेन ॲडमिन्स'सारख्या नावातली मोकळी जागा सुडोअर्स फाइलमध्ये उलट्या तिरक्या रेघेने सांभाळावी लागते आणि तिथे हमखास गडबड होते.

फाइल सर्व्हर. लॉगिन होताना कर्बेरॉसचं तिकीट मिळालेलंच असतं, त्यामुळे डेस्कटॉपच्या फाइल ब्राउझरमधून शेअर उघडलं की पासवर्ड विचारला जात नाही. अट एकच: सर्व्हर नावाने उघडा, आयपी पत्त्याने नको, कारण तिकीट नावावर मिळतं. सर्व्हरला डीएनएसमध्ये उपनाव दिलं असेल तर त्या नावाचा एसपीएनही (कर्बेरॉससाठीचं सेवेचं नाव) नोंदवायला सांगा. कायमचं माउंट हवं असेल तर सीआयएफएस-युटिल्स घ्या आणि सुरक्षेसाठी कर्बेरॉस व 'मल्टियूजर' हे पर्याय द्या, म्हणजे एकाच माउंटवर प्रत्येक जण स्वतःच्या परवानग्यांनी वावरतो. पासवर्ड लिहिलेली क्रेडेन्शियल फाइल कुठेही ठेवू नका. जुन्या लेखांतून एसएमबी १ ची आवृत्ती जशीच्या तशी उचलू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने त्यातल्याच छिद्रातून थैमान घातलं, आणि त्याच वर्षीच्या ४.१३ कर्नलपासून लिनक्सनेही ती आवृत्ती मूळ निवडीतून काढली. रात्रभर चालणारी कामं शेअरवर लिहीत असतील तर तिकीट मध्येच संपतं. एसएसएसडीत नूतनीकरणाचा काळ आणि अंतर दोन्ही द्या, नाहीतर सकाळी 'परमिशन डिनाइड' वाट बघत असतं.

बिघाड शोधण्याचा माझा क्रम ठरलेला आहे. डोमेनचं नाव डीएनएसमधून सुटतं का? क्रोनी काय म्हणतं? 'केइनिट'ने माणसाला तिकीट मिळतं का? मशीनच्या कीटॅबवरून मिळतं का? 'आयडी' आदेशाला माणूस आणि त्याचे ग्रुप दिसतात का? शेवटी एसएसएससीटीएलची युजर-चेक्स चाचणी, जी प्रवेशाचा निर्णयही सांगते. पहिल्या चारांत अडलं तर दोष एसएसएसडीचा नाही, त्याची फाइल उघडूच नका. केइनिटवर 'एन्क्रिप्शन टाइप'ची तक्रार आली तर ते खातं फार जुनं असण्याची शक्यता मोठी: एईएस (सांकेतिक करण्याची नवी पद्धत) विंडोज सर्व्हर २००८ पासून आलं, आणि त्याआधीपासून पासवर्ड न बदललेल्या खात्याकडे एईएसची किल्लीच नसते. नव्या डिस्ट्रो आरसी४ ही जुनी पद्धत स्वीकारत नाहीत. लिनक्सची सुरक्षा सैल करण्याआधी त्या खात्याचा पासवर्ड बदलून बघा.

राहिली पीबीआयएसची जुनी मशीनं. ती एकेक करून हलवा. आधी प्रत्येक वापरकर्त्याचा जुना यूआयडी आणि जीआयडी लिहून घ्या, कारण पीबीआयएस काढल्यावर फाइलींवर नुसते आकडे उरतात. मग डोमेनमधून बाहेर पडा, पॅकेज काढा, पॅमच्या फाइलींत त्याच्या ओळी उरलेल्या नाहीत हे डोळ्यांनी पाहा, आणि 'रेल्म जॉइन' करा. या सगळ्या वेळात रूटचं एक सेशन उघडं ठेवा. पीबीआयएसचं होम फोल्डर सहसा होमखाली 'लोकल', मग डोमेन, मग माणसाचं नाव असं खोल असतं. ते नव्या जागी हलवा किंवा एसएसएसडीलाच जुना मार्ग द्या. त्यानंतर 'फाइंड'ने जुन्या यूआयडीच्या फाइली शोधून मालक बदला, एकेका डिस्कपुरतं, सिम्बॉलिक लिंकच्या मागे न जाता, ग्रुपसाठीही तेच. होमबाहेरचं विसरलं जातं: क्रॉनची (ठरल्या वेळी चालणारी) कामं, टेम्प, डेटाबेसचे आणि कंटेनरचे फोल्डर, आणि एसीएलमध्ये (परवानग्यांच्या यादीत) लिहिलेले जुने क्रमांक. स्थानिक खात्यांवरच्या मशीनलाही हीच रीत, फक्त शेवटी स्थानिक खातं काढून टाकायचं, म्हणजे नाव डोमेनच्या खात्याला मोकळं होतं. सुरुवात अशा मशीनने करा ज्याचा मालक स्वतः लिनक्स जाणतो आणि दोन दिवस अडचण सोसायला तयार आहे; उरलेल्यांचा क्रम त्याच्याशी बोलूनच ठरवा.